आठ आठवड्यांत सहा किलो? आधी ती रात्रीची कॅप्सूल बंद कर

प्रश्न

नमस्कार डॉक्टर,

मी २२ वर्षांचा आहे आणि दीड वर्षापासून नियमित जिमला जातो. पहिलं वर्षभर काहीच घेतलं नाही, नुसता व्यायाम आणि घरचं जेवण. अंग बऱ्यापैकी भरलं, पण मग सगळं अडकलं. वजन ६८ वर थांबलं, बेंचवर (पाठीवर झोपून वजन वर ढकलायचा व्यायाम) ६० किलोच्या पुढे जाईना. दोन महिन्यांपूर्वी आमच्या ट्रेनरने तीन गोष्टी सुरू करून दिल्या. सकाळी उपाशीपोटी ग्रीन टीच्या अर्काचा फॅट बर्नर, दुपारी अश्वगंधा आणि रात्री झोपताना एक 'हर्बल टेस्टोस्टेरॉन बूस्टर'. या शेवटच्या डबीवर गोखरू, मेथी आणि आणखी काही वनस्पतींची नावं आहेत, पण कशाचं किती ते लिहिलेलं नाही. सगळ्यांचं मिळून एकच वजन दिलं आहे. तिन्ही डब्यांवर '१०० टक्के नैसर्गिक' छापलं आहे.

फरक जबरदस्त पडला. आज वजन ७४ आहे आणि बेंच ८५. ट्रेनर म्हणतात, हे सगळं झाडपाल्याचं आहे, साइड इफेक्ट शून्य. क्रिएटिनला मात्र हात लावू नको, ते केमिकल आहे, किडनी खराब होते. माझ्या मित्रालाही हेच तीन सुरू करायचे आहेत. त्याला थायरॉइडची गोळी चालू आहे. त्याने घेतलं तर चालेल ना? नैसर्गिक गोष्टींनी खरंच काही होत नाही ना?

एक शेवटचं विचारायला लाज वाटते. तीन आठवड्यांपासून डाव्या स्तनाग्राच्या मागे वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते, शर्ट घासला तरी दुखते. पाठीवर पुटकुळ्याही खूप आल्यात. चेस्टच्या व्यायामाचा ताण असेल का?

— एक वाचक

उत्तर

प्रिय मित्रा,

जे तू शेवटी लाजत लाजत लिहिलंस, तिथूनच सुरुवात करते, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. ही गाठ व्यायामाच्या ताणाची वाटत नाही. ताणलेला स्नायू सगळा ठणकतो. स्तनाग्राच्या बरोब्बर मागे वेगळी लागणारी आणि दाबली की कळ येणारी गाठ त्याने होत नाही. पुरुषांच्या छातीतही स्तनग्रंथीचा थोडा भाग असतो. टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीचं काही बाहेरून शरीरात आलं, की त्यातलं काही शरीर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात बदलतं आणि ती ग्रंथी वाढायला लागते. डॉक्टर याला गायनेकोमास्टिया म्हणतात, जिममधली मुलं 'गायनो' म्हणतात.

वयात येताना पुष्कळ मुलांना असं होतं आणि आपोआप जातं, हेही खरं आहे. पण तू २२ वर्षांचा आहेस, गाठ नवी आहे, सोबत पाठभर पुटकुळ्या आहेत आणि आठ आठवड्यांत सहा किलो वजन वाढलं आहे. या चारही गोष्टी एकत्र आल्या, की माझी नजर पहिल्यांदा त्या रात्रीच्या डबीवर जाते. डबीची तपासणी केल्याशिवाय आत काय आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तपासणी होईपर्यंत ती घेत राहावी, असं सांगायला माझं मन अजिबात तयार नाही.

म्हणून आजपासून रात्रीची कॅप्सूल बंद. सकाळचा फॅट बर्नरही बंद, त्याचं कारण पुढे सांगते. अश्वगंधाही रिपोर्ट येईपर्यंत थांबव, म्हणजे तीनपैकी कशाने काय झालं हा घोळ राहणार नाही. डबी फेकू नकोस. ती जशीच्या तशी, उरलेल्या कॅप्सूल आणि बॅच नंबरसह डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि याच आठवड्यात जा. गाठ ताजी असताना कारण काढून टाकलं तर ती बऱ्याचदा बसते. वर्षभर तशीच राहिली तर तिच्यात तंतू धरतात आणि मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरत नाही. रोज दाबून बघू नकोस, त्याने दुखणं वाढतं.

डॉक्टर बहुधा यकृताच्या चाचण्या, टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, इस्ट्रॅडिओल, कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन करायला सांगतील, रक्तदाब मोजतील. ते तुझे अंडकोषही तपासतील. तेव्हा अवघडून 'राहू द्या' म्हणू नकोस. तरुण मुलांत छातीत गाठ येण्यामागे क्वचित अंडकोषातली गाठ हे कारण असतं, आणि ते वेळेत सापडणं फार मोलाचं असतं. शिवाय बाहेरून संप्रेरक येत असेल तर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि अंडकोष आकसू लागतात. एलएच आणि एफएसएच ही अंडकोषांना कामाला लावणारी, मेंदूकडून येणारी संप्रेरकं. ती अगदी तळाला गेलेली दिसली, तर डबीत काय होतं याचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

रिपोर्टची वाट बघत असताना लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा सतत मळमळू लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठ. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारं एक मोठं जाळं आहे. त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींत शरीर कमावण्याच्या सप्लिमेंटमुळे कावीळ झालेले बहुतेक रुग्ण तरुण मुलगे होते, आणि ती कावीळ साधारण तीन महिने रेंगाळत होती. त्यातलं कुणी दगावलं नाही, हा दिलासा. पण तीन महिने अंग खाजवत, पिवळ्या डोळ्यांनी घरात बसून राहणं ही काही छोटी गोष्ट नाही.

आता तू म्हणशील, की झाडपाल्याने एवढा फरक पडला यात शंका घेण्यासारखं काय आहे? शंका नेमकी त्या फरकाचीच आहे. १९९६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वजनं उचलण्याचा अनुभव असलेल्या पुरुषांचे गट केले आणि दहा आठवडे काहींना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली. मात्रा आठवड्याला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे संप्रेरकाची कमतरता असलेल्या रुग्णाला देतात त्याच्या सहापट. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन सुमारे दोन किलो वाढलं. व्यायाम आणि इंजेक्शन दोन्ही असलेल्यांचं सहा किलोंच्या आसपास. आता तुझा आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघ. तुझ्या सहा किलोंत थोडं पाणी, थोडी चरबीही असेल. तरी दीड वर्ष व्यायाम केलेल्या, वजन अडकलेल्या मुलाची बेंच आठ आठवड्यांत ६० वरून ८५ वर नेण्याची ताकद गोखरूत नाही.

गोखरूबद्दल हे मी अंदाजाने बोलत नाही. बल्गेरियाचे वेटलिफ्टर तो घेतात, या १९८० च्या दशकातल्या बोलबाल्यावर त्याचा सगळा व्यापार उभा राहिला. पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रग्बी खेळाडूंवर नीट प्रयोग झाला. पाच आठवडे अर्ध्यांना गोखरूचा अर्क दिला, अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. ताकद दोघांची सारखीच वाढली, टेस्टोस्टेरॉनमध्ये काही फरक नाही. मेथीच्या अर्कावर थोडे बरे निकाल आहेत, पण ते छोटे, एकमेकांशी न जुळणारे आहेत. हेही लक्षात घे, की टेस्टोस्टेरॉन सामान्य मर्यादेतच थोडं वर-खाली झालं तर स्नायूंना त्याने विशेष काही फरक पडत नाही. मर्यादेच्या पलीकडे गेलं तरच अंग असं झपाट्याने भरतं, आणि तिथपर्यंत कुठलीही ज्ञात वनस्पती पोचवत नाही.

मग डबीत काय असतं? जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने २०००-०१ मध्ये १३ देशांतून ६३४ सप्लिमेंट आणून तपासली. त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली संप्रेरकं किंवा त्यांचे पूर्वघटक सापडले, म्हणजे साधारण सातांत एक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात भेसळ म्हणून पकडलेल्या ७७६ सप्लिमेंटचा हिशेब नंतर मांडला गेला. त्यात स्नायू वाढवण्याची ९२ होती आणि त्यातल्या ८२ मध्ये कृत्रिम स्टेरॉइड (टेस्टोस्टेरॉनच्या जातीची रसायनं) किंवा त्यासारखे पदार्थ होते. ही आधीच संशय आलेली, पकडली गेलेली उत्पादनं आहेत, बाजारातल्या प्रत्येक डबीची ही गत नाही. पण भेसळ करणारा कशाची भेसळ करतो, हे त्यावरून स्वच्छ दिसतं. स्नायूंच्या डबीत तो स्टेरॉइड घालतो, कारण ते घातल्याशिवाय गिऱ्हाईक दुसरी डबी घ्यायला परत येत नाही.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की पटली आहे आणि तुलाही ती पटावी असं मनापासून वाटतं. वनस्पतींचा फायदा झालाच तर तो हळू आणि थोडा असतो. एखादं 'नैसर्गिक' सप्लिमेंट अचाट काम करत असेल, तर आनंद होण्याआधी भीती वाटली पाहिजे.

याचा अर्थ वनस्पती दुबळ्या असतात असा मात्र नाही. काही फार जहाल असतात, आणि तिथे धोका भेसळीचा नसून वनस्पतीचाच असतो. इफेड्रा घे. चिनी वैद्यकात ती मा हुआंग नावाने शतकानुशतकं वापरात आहे. तिच्यातलं इफेड्रिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं, शरीराची उष्णता वाढवतं. १९९० च्या दशकात ती वजन घटवण्याच्या आणि व्यायामाआधी घेण्याच्या गोळ्यांत सर्रास आली. फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा अमेरिकन बेसबॉलपटू सरावाच्या वेळी उष्माघाताने गेला. त्याच्या मृत्यूला इफेड्रा असलेलं सप्लिमेंटही कारणीभूत ठरल्याचं शवविच्छेदन करणाऱ्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत इफेड्राच्या सप्लिमेंटवर बंदी आली. तुझ्याहून वर्षाने मोठा मुलगा होता तो, आणि त्याच्या सप्लिमेंटमधली इफेड्रा खरोखरच झाडाची होती.

दुसरा प्रकार म्हणजे झाडाचं नाव पुढे करून कारखान्यातली वस्तू विकणं. डीएमएए नावाचं उत्तेजक 'जिरेनियमचा अर्क' म्हणून व्यायामाआधीच्या पावडरींत घातलं जायचं. मूळ ते नाक मोकळं करण्याचं जुनं कृत्रिम औषध. २०१२ मध्ये अमेरिकी प्रशासनाने उत्पादकांना नोटिसा काढल्या. आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांवर एक फॅट बर्नर घेणाऱ्या अनेकांना हिपॅटायटिस झाला, काहींवर यकृत प्रत्यारोपणाची वेळ आली, एक मृत्यूही झाला. त्यात एजेलीन नावाचा पदार्थ होता. हा मूळचा बेलाच्या झाडात आढळतो, पण डबीत प्रयोगशाळेत बनवलेला घातला होता. बेलाचं झाड माणसाला हजारो वर्षं ठाऊक आहे. त्यातला एकच पदार्थ वेगळा काढून, कृत्रिमरीत्या बनवून, रोज गोळीतून घेणं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

तुझ्या ग्रीन टीच्या अर्काचंही काहीसं असंच आहे. कपातला ग्रीन टी पी, कोण नको म्हणतंय? अर्काची गोष्ट वेगळी. त्यात ईजीसीजी नावाचा घटक घट्ट करून भरलेला असतो. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं, की सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर यकृताला त्रास झाल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात. क्वचित एखाद्याला कमी मात्रेतही त्रास होतो. उपाशीपोटी घेतलं तर ते रक्तात जास्त उतरतं, आणि तू नेमकं उपाशीपोटीच घेतोस. वर अशा गोळ्यांत बहुधा कॅफिनही असतं. यातून जळणारी चरबी इतकी किरकोळ असते, की यकृत पणाला लावण्यासारखं त्यात काहीच नाही. या गोळीबद्दल मी तुला 'कमी घे' म्हणत नाही, सोडून दे म्हणते.

अश्वगंधाबद्दल माझं मत इतकं कडक नाही. तिन्हींमध्ये तिच्याच बाजूने त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे. २०१५ मध्ये ५७ पुरुषांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला. मुळाचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा घेणाऱ्यांची ताकद आणि स्नायू, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले. पण ही सगळी नवशिकी मंडळी होती, आणि नवशिक्यांचं काहीही केलं तरी वाढतंच. प्रयोगही छोटा. ताण कमी होणं, झोप सुधारणं यावर तिचे निकाल जास्त सुसंगत आहेत, आणि मला वाटतं व्यायामातला तिचा फायदाही बराचसा त्याच वाटेने येत असावा.

तिची दुसरी बाजूही ऐक. २०२० मध्ये आइसलंड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अश्वगंधा घेतल्यानंतर कावीळ झालेल्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सगळे बरे झाले, पण काहींना महिने लागले. डेन्मार्कने २०२३ मध्ये सप्लिमेंट म्हणून तिच्या विक्रीवर बंदीच घातली. ती बंदी मला जास्तच सावध वाटते. यकृत निरोगी असलेल्या प्रौढ माणसाने, मुळाचा, मात्रा स्पष्ट लिहिलेला अर्क दोन-तीन महिने घेऊन थांबावं, याला माझी हरकत नाही. तुझे यकृताचे रिपोर्ट नीट आले तर पुढे तुझ्या डॉक्टरांना विचारून ठरव. इतर गोष्टींच्या गर्दीत मात्र घेऊ नकोस.

तुझ्या मित्राला मात्र स्पष्ट नाही सांग. अश्वगंधा थायरॉइडची संप्रेरकं वाढवू शकते. तो आधीच गोळीतून ते संप्रेरक घेतोय आणि त्याची मात्रा रक्त तपासून बसवलेली आहे. वरून ही भर पडली तर छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो, आणि डॉक्टर गोळीची मात्रा बदलत बसतील, कारण खरं कारण त्यांना माहीतच नसेल. हेच मधुमेहाच्या औषधांबरोबर मेथीच्या अर्काचं. साखर जास्तच खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी, झोपेची गोळी, बीपीची गोळी, यातलं काहीही चालू असलेल्याने डॉक्टरांना न विचारता कुठलाही अर्क घेऊ नये. ऑपरेशन ठरलं असेल तर साधारण दोन आठवडे आधी हे सगळं बंद करायचं असतं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं असतं. मुलं तिथे 'काही औषधं नाहीत' असं बिनधास्त सांगतात, कारण डबीतल्या गोष्टीला ती औषध समजतच नाहीत.

आता क्रिएटिन. तुझ्या ट्रेनरने इथे गोष्ट नेमकी उलटी करून सांगितली आहे. क्रिएटिन आपलं यकृत आणि मूत्रपिंडं रोज सुमारे एक ग्रॅम स्वतःच बनवतात. मांस-माशांतूनही ते मिळतं, आणि शरीरातलं जवळपास सगळं स्नायूंत साठवलेलं असतं. जोर लावून आठ-दहा रेप (वजन उचलण्याची एकेक आवृत्ती) मारताना पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा तिथूनच येते. साठा भरलेला असेल तर त्याच वजनावर एखाद-दुसरा रेप जास्त निघतो, आणि महिनोन्‌महिने निघत राहिलेले ते जास्तीचे रेप स्नायू वाढवतात. मांस-मासे न खाणाऱ्यांच्या स्नायूंत साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक जास्त जाणवतो.

डब्यात मिळणारं क्रिएटिन कारखान्यात बनतं, हे खरं आहे. पण ताकद वाढवणाऱ्या सप्लिमेंटमध्ये त्याच्याइतकी तपासणी क्वचितच कशाची झाली असेल. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकनंतर ते गाजलं, तेव्हापासून संशोधन सुरू आहे, आणि निरोगी माणसांच्या किडनीला त्याने इजा होत असल्याचं दिसलेलं नाही. साधं मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, कोणत्याही वेळी. महागड्या नावांच्या इतर प्रकारांची गरज नाही. सुरुवातीला किलो-दोन किलो वजन वाढेल, ते स्नायूंत धरलेलं पाणी असतं. किडनीची भीती पसरली ती बरीचशी एका चाचणीमुळे. क्रिएटिनपासून क्रिएटिनिन बनतं आणि तेच मोजून डॉक्टर किडनीचा अंदाज घेतात. घेणाऱ्याचा आकडा थोडा वर येतो, किडनी ठणठणीत असली तरी. म्हणून रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहेच, त्यांनी विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. तूही आताचे रिपोर्ट येईपर्यंत थांब, म्हणजे आकड्यांत गोंधळ होणार नाही.

प्रोटीनची पावडर म्हणजे अन्नच. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनांच्या पुढे स्नायूंना विशेष वाढीव फायदा दिसला नाही. तुझ्या ७४ किलोंना ते ११८ ग्रॅमच्या आसपास येतं. दिवसभर काय खातोस ते एक आठवडा लिहून काढ. जेवणातून एवढी प्रथिनं मिळत असतील तर पावडर लागत नाही. कमी पडत असतील तर तेवढीच पावडरीतून भर.

कॅफिनचा उपयोग खरा आहे, व्यायामाच्या तासभर आधी घेतलं तर जोर वाढतो. पण एका वेळी २०० मिलिग्रॅम आणि दिवसभरात सगळं मिळून ४०० मिलिग्रॅम ही निरोगी प्रौढाची मर्यादा समज, आणि संध्याकाळी उशिरा घेऊ नकोस. सुटी शुद्ध कॅफिन पावडर कुणी फुकट दिली तरी घरात आणू नकोस. तिच्या एका छोट्या चमच्यात साधारण २८ कप कॉफीएवढं कॅफिन असतं आणि त्याने माणसं दगावली आहेत. शिलाजितावर थोडे, छोटे प्रयोग आहेत, आणि ते शुद्ध केलेलं नसेल तर त्यात शिसं, आर्सेनिक यांसारखे जड धातू असू शकतात. हळदीच्या कॅप्सूलमध्ये शोषण वाढावं म्हणून मिरीचा अर्क घालतात, आणि त्यानेही काहींच्या यकृताला इजा झाली आहे. योहिंबे असं नाव कुठल्याही डबीवर दिसलं तर ती सरळ परत ठेव, त्याने रक्तदाब आणि घाबरेपणा दोन्ही वाढतात.

पुढे कधी काही घ्यायचं ठरलं तर डबी हातात घेऊन पहिल्यांदा हे बघ: प्रत्येक घटकाची मात्रा वेगवेगळी लिहिली आहे का? तुझ्या बूस्टरसारखं सगळ्यांचं मिळून एकच वजन दिलं असेल, तर कुठला घटक नावापुरता आहे आणि कुठला भरमसाट, हे कळायला मार्गच नसतो. मग बघ, उत्पादकाशी संबंध नसलेल्या कुणी ती तपासली आहे का? 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' अशा खुणा असतील तर त्यांच्या संकेतस्थळावर ते उत्पादन शोधून खात्री कर, कारण खूण छापणं सोपं असतं. आणि एका वेळी एकच गोष्ट सुरू कर. तिन्ही एकाच दिवशी सुरू केल्यामुळे आज तुला कशाने काय झालं हे सांगता येत नाही. स्पर्धेत उतरण्याचा विचार असेल तर एवढं जाणून ठेव, की उत्तेजक चाचणीत काही सापडलं तर 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची असते.

ट्रेनरशी भांडायला जाऊ नकोस. त्यांनाही आत काय आहे हे खरोखर माहीत नसण्याची बरीच शक्यता आहे. कदाचित ते स्वतःही तेच घेत असतील. गाठीबद्दल त्यांना सांग, रिपोर्ट दाखव, आणि या बॅचचा स्वतंत्र तपासणी अहवाल मिळेल का एवढं विचार. उत्तर टाळलं गेलं, किंवा 'गायनो'वर उतारा म्हणून दुसरी गोळी सुचवली गेली, तर त्यांचं सेट आणि रेपबद्दल ऐक, डब्यांबद्दल ऐकू नकोस. इंटरनेटवर वाचून स्वतःच 'पीसीटी'च्या, म्हणजे स्टेरॉइड सोडल्यावर घेतात त्या गोळ्याही सुरू करू नकोस. त्या संप्रेरकांवर काम करणाऱ्या औषधांच्या गोळ्या आहेत. लागल्या तर डॉक्टर देतील.

आता जे होणार आहे त्याची तयारी ठेव. डबीत मला वाटतं तेच असेल, तर बंद केल्यावर काही आठवडे गळल्यासारखं वाटेल, मूड पडेल, लैंगिक इच्छा कमी होईल. वजन दोन-तीन किलो उतरेल, ८५ ची बेंच कदाचित ७५ वर येईल. शरीराला स्वतःचं संप्रेरक पुन्हा बनवायला लागायचं असतं आणि त्याला वेळ लागतो. नेमक्या याच काळात मुलं परत त्या डबीकडे वळतात. मन फारच खचल्यासारखं झालं, तर तेही डॉक्टरांना सांग. ते औषध सुटल्याचं लक्षण असू शकतं, तुझा कमकुवतपणा नव्हे.

या काळात व्यायाम सोडू नकोस, वजनं कमी कर आणि झोप सांभाळ. २०११ च्या एका छोट्या प्रयोगात निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसातलं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. तुझं वजन ६८ वर अडकलं होतं तेव्हा तू किती झोपत होतास, दिवसाला प्रथिनं किती जात होती, व्यायामाचा आराखडा शेवटचा कधी बदलला होता, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. अडकण्याचं कारण बहुधा त्यातच सापडेल. ते मला लिहून पाठव, रिपोर्ट आले की तेही कळव, मग पुढचं ठरवू.

आणि आईला सांग. ती काळजी करेल, पण दवाखान्यात सोबत कुणी असलेलं बरं.